एपिक्युरस रोजच्या वापरात: इच्छांच्या वहीपासून विसाव्या तारखेच्या बैठकीपर्यंत

इ. स. पू. ३०६ च्या सुमारास एपिक्युरस हा ग्रीक तत्त्वज्ञ अथेन्सला आला, शहराच्या वेशीबाहेर त्याने एक बाग घेतली आणि पुढची सुमारे ३५ वर्षं तिथे मित्रांच्या संगतीत शिकवलं. त्या बागेत लिऑन्टिऑन आणि थेमिस्टा या स्त्रिया चर्चेला बसत, म्यूस नावाचा त्याचा गुलामही बसे. सुख हेच आयुष्याचं ध्येय आहे असं तो उघड सांगायचा, म्हणून आजही त्याच्या नावावर चैनबाजी खपवली जाते. त्याच्या हिशेबी सुख दोन गोष्टींत बसतं: शरीराला दुखणं नसावं आणि मनाला घोर नसावा.

मेनोइकियस नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो सांगतो, या गोष्टींचा सराव रात्रंदिवस कर, स्वतःशी आणि तुझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाबरोबर. यातला दुसरा भाग बहुतेक जण सोडून देतात. एकट्याने केलं की या तत्त्वज्ञानाची नुसती काटकसर होते आणि काही महिन्यांत तिचा कंटाळा येतो. खाली आधी एकट्याने करायचं काम दिलं आहे, कारण ते झाल्याशिवाय चौघांत बसून बोलायला काही हाताशी नसतं. पण खरा भर पुढच्या भागावर आहे.

इच्छांची वही

एक वही घ्या आणि दोन आठवडे रोज रात्री दहा मिनिटं काढा. दिवसभरात ज्या इच्छांनी मनाला टोचणी लावली त्या एकेका ओळीत लिहा. क्षुल्लक वाटणाऱ्याही लिहा: कुणीतरी कौतुक करावं, समोरच्याचं म्हणणं खोडून काढावं, काहीतरी विकत घ्यावं. इच्छा ज्या क्षणी उफाळते तेव्हा तिचा वर्ग ठरवायला बसू नका. त्या भरात सगळंच अत्यावश्यक वाटतं.

प्रत्येक इच्छेपुढे दोन उत्तरं लिहायची: ही पुरी झाली तर माझं काय होईल? नाही झाली तर काय होईल? हे दोन प्रश्न एपिक्युरसच्याच वचनांत आहेत. त्यानंतर वर्ग लावा. पहिला, नैसर्गिक आणि आवश्यक: तहान लागल्यावर पाणी, डोक्यावर छप्पर, भरवशाची माणसं. दुसरा, नैसर्गिक पण आवश्यक नसलेल्या: महागडं, चविष्ट खाणं. तिसऱ्या वर्गातल्या इच्छा ना नैसर्गिक ना आवश्यक. एपिक्युरसच्या वचनांवर टिपा लिहिणाऱ्या एका जुन्या टीपकाराने त्यासाठी सन्मानाचे मुकुट आणि स्वतःचे पुतळे ही उदाहरणं दिली आहेत. आवश्यक म्हणजे कशासाठी आवश्यक, हेही एपिक्युरसने सांगितलं आहे: काही गोष्टी जगण्यासाठी, काही शरीराच्या स्वास्थ्यासाठी आणि काही सुखासाठी. आपल्या नोंदीपुढे या तिघांपैकी एक शब्द लिहिता आला नाही तर ती पहिल्या वर्गात बसत नाही.

इथे हमखास एक घोळ होतो. लोक गरजेऐवजी वस्तूचा वर्ग लावतात. ‘नवा फोन’ ही नोंद कुठल्याच वर्गात नीट बसत नाही, कारण तिच्यात दोन-तीन इच्छा एकत्र अडकलेल्या असतात. त्या सुट्या करा. माणसांशी संपर्क राहावा ही एक, आणि ती आवश्यक आहे. जुना फोन संध्याकाळपर्यंत चालत असेल तर ती आताही पुरी होते आहे. फोटो चांगले यावेत ही दुसरी, ती मधल्या वर्गातली. ऑफिसात सगळ्यांच्या हातात नवा आहे ही तिसरी, ती शेवटच्या वर्गात जाते. असं सुटं केल्यावर बहुतेक वेळा दिसतं की सगळी घाई तिसरीची होती आणि नाव पहिलीचं पुढे केलं होतं.

वर्ग लागत नसेल तर आणखी एक कसोटी आहे. इच्छा अपुरी राहिली तरी शरीराला काही दुखत नाही आणि तरीही तिच्यासाठी जिवाचा आटापिटा होतो, अशा वेळी तिच्या मुळाशी पोकळ समजूत असते, असं एपिक्युरस म्हणतो. नोंदीपुढे ती समजूत एका वाक्यात लिहून काढा. ‘हे नसेल तर लोक मला कमी समजतील’ असं वाक्य कागदावर आलं की त्याच्याशी निदान बोलता तरी येतं.

मधल्या वर्गातल्या गोष्टी निषिद्ध मानू नका. समोर आल्या तर मनापासून उपभोगा. त्यांच्यावाचून अडू नये, एवढंच पाहायचं.

निवडीचा हिशेब

एपिक्युरस प्रत्येक सुख घ्या असं सांगत नाही आणि प्रत्येक दुःख टाळा असंही सांगत नाही. पुढे मोठा त्रास देणारं सुख सोडायचं, पुढे मोठं सुख देणारा त्रास पत्करायचा. हे बोलायला सोपं आहे. कागदावर करताना तीन खाचखळगे लागतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

समजा जास्त पगाराची नोकरी चालून आली आहे, पण जाण्यायेण्यात रोज दोन तास जास्त जाणार आहेत. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ४८० तास होतात, म्हणजे आठ तासांचे ६० कामाचे दिवस. हा आकडा आधी लिहा. मग ते तास आता कशात जातात ते लिहा: झोप, मुलांचा अभ्यास, मित्राकडे बसणं. दुसऱ्या बाजूला पगारवाढ लिहिताना रक्कम लिहून थांबू नका, ती कशाला लागेल ते लिहा. तिने कर्ज फिटणार असेल आणि रात्रीची झोप परत येणार असेल तर ते थेट मनाच्या निश्चिंतीत जमा होतं. तीच रक्कम मोठ्या घराच्या नव्या हप्त्यात जाणार असेल तर ती जमेऐवजी घोरात धरावी लागेल.

आता खाचखळगे. पहिला, लोक फक्त सुरुवातीच्या महिन्याचं सुख धरतात; हिशेब किमान दोन वर्षांचा करा. दुसरा, भीती हिशेबात येतच नाही. ‘ही नोकरी टिकेल का’ ही धाकधूक रोजची असेल तर ती रोजचा त्रास म्हणूनच लिहायला हवी. तिसरा, पैशालाच वाईट ठरवलं जातं. एपिक्युरसच्या परंपरेतल्या फिलोडेमसने घरगुती मालमत्ता कशी सांभाळावी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्याच्या मते बेताची मिळकत चांगलीच. ती मिळवताना आणि राखताना जीव टांगणीला लागू नये आणि मित्रांच्या उपयोगी पडावी, एवढी त्याची अट आहे.

साधे दिवस

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या एका पत्रात उल्लेख आहे की एपिक्युरस काही ठरावीक दिवस मुद्दाम अगदी साधं आणि कमी खात असे. पूर्ण सुखात त्याने काही उणं पडतं का आणि पडत असेल तर ते भरून काढायला एवढी धडपड करावी का, हे त्याला तपासायचं होतं. याला उपवासाचं रूप देऊ नका. हा प्रयोग आहे आणि त्याची नोंद ठेवली नाही तर त्यातून काहीच हाती लागत नाही.

महिन्यातून लागोपाठ तीन दिवस घ्या. घरात असलेलं सगळ्यांत साधं अन्न पोटभर खा. तीन दिवस अत्यावश्यक सोडून काही विकत घ्यायचं नाही, पैसे देऊन करमणूक नाही, रात्रीच्या जेवणानंतर स्क्रीन नाही. रोज रात्री लिहा: कशाची आठवण झाली, कोणत्या वेळी, आणि ती किती वेळ टिकली. ही शेवटची नोंद सगळ्यांत मोलाची आहे, कारण रात्रभर छळेल असं वाटलेली तल्लफ बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरलेली दिसते. चौथ्या दिवशी एकच आवडती गोष्ट परत आणा आणि सावकाश तिचा आस्वाद घ्या. चीजचं छोटं भांडं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल, असं एपिक्युरसने एका पत्रात लिहिलं होतं. चौथा दिवस म्हणजे ते भांडं. तो गाळला तर प्रयोगाचा अर्धा भाग बुडतो.

मधुमेह असेल, गरोदरपण असेल, जेवणाशी बांधलेली औषधं चालू असतील किंवा खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेला असेल तर जेवणाला हात लावू नका. खर्च आणि स्क्रीनपुरताच प्रयोग करा. ‘मी तुझ्यापेक्षा कमीत भागवलं’ अशी चढाओढ सुरू झाली तर तिथेच थांबा. काटकसरीलाही मर्यादा असते आणि जो ती ओळखत नाही त्याचं हाव सुटलेल्या माणसाइतकंच नुकसान होतं, असं एपिक्युरसच्या परंपरेतलं वचन आहे. ते १८८८ साली व्हॅटिकनच्या एका हस्तलिखितात सापडलेल्या ८१ वचनांपैकी आहे.

चार मात्रा

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतलं हर्क्युलेनियम हे गाव गाडलं गेलं आणि तिथल्या एका बंगल्यातल्या पपायरसच्या गुंडाळ्यांचा कोळसा झाला. त्या गुंडाळ्यांतल्या फिलोडेमसच्या लेखनात चार ओळी मिळाल्या: देवाची भीती नको, मरणाचा घोर नको, चांगलं ते मिळायला सोपं, वाईट ते सोसायला सोपं. पाठ करायला एक मिनिट लागतं. वापरायला मात्र प्रत्येक ओळीमागचा युक्तिवाद माहीत हवा, नाहीतर त्या नुसत्या पुटपुटल्या जातात.

देवाबद्दल एपिक्युरसचं म्हणणं असं की देव आहेत, आनंदात आहेत आणि माणसांना शिक्षा करण्यात त्यांना काडीचा रस नाही. हे पटलंच पाहिजे असं नाही. रोजच्या उपयोगाची गोष्ट त्याने पिथोक्लीस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात आहे. विजा, ग्रहणं, भूकंप अशा दूरच्या घटनांना एकाहून जास्त कारणं संभवतात. डोळ्यांना दिसतं त्याच्याशी विसंगत नसलेली सगळी कारणं उघडी ठेवावीत, म्हणजे भीतीला जागा उरत नाही. हीच रीत माणसांच्या वागण्याला लावा. मैत्रिणीने दोन दिवस निरोपाला उत्तर दिलं नाही आणि मन एकाच निष्कर्षाकडे धावतं आहे, अशा वेळी हाती असलेल्या माहितीशी जुळणारी तीन कारणं लिहा. तिघांतलं कुठलं खरं ते कळेपर्यंत एकावरही शिक्का मारायचा नाही.

मरणाची भीती वाटते तेव्हा आधी ती कशाची आहे ते वेगळं करा. मेल्यानंतरच्या अवस्थेची असेल तर एपिक्युरसचा युक्तिवाद तिच्यासाठी आहे: आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, जिथे जाणीव नाही तिथे दुःखही नाही. मरताना होणाऱ्या त्रासाची असेल तर युक्तिवाद पुरत नाही. डॉक्टरांशी आणि घरच्यांशी शुश्रूषेबद्दल आधीच बोलून ठेवावं लागतं. मागे राहणाऱ्यांची असेल तर मृत्युपत्र, कागदपत्रं आणि विमा नीट करा. या तिन्ही भीती एकच आहेत असं समजून पहिलीचं औषध तिसरीला देणं ही नेहमीची चूक आहे. आणि आपलं माणूस गेल्याचं दुःख तर यातल्या कशातच मोडत नाही. त्यासाठी ही परंपरा कृतज्ञतेने आठवणी काढण्याचा मार्ग सांगते आणि रडण्याला मनाई करत नाही.

तिसऱ्या ओळीचा सराव वर इच्छांच्या वहीत आणि साध्या दिवसांत आलाच आहे. चौथी ओळ जपून वापरावी. तीव्र दुखणं थोडा काळ टिकतं आणि लांबलेलं दुखणं सहन होण्याजोगं असतं, असा तिचा आधार आहे. तीव्र आणि लांबलेलं, दोन्ही असणारं दुखणं असतं हे आज आपल्याला माहीत आहे. त्यामुळे ही ओळ स्वतःला धीर द्यायला ठीक आहे. दुसऱ्याच्या दुखण्यावर ती कधीही लावू नका.

विसावी तारीख

आता मुख्य काम. मृत्युपत्रात एपिक्युरसने दर महिन्याच्या विसाव्या तारखेला जमण्याची तरतूद केली होती, स्वतःच्या आणि मेट्रोडोरस या मित्राच्या स्मरणासाठी. त्याच्या अनुयायांनी ती शतकानुशतकं पाळली. आपणही तीच तारीख धरावी, कारण ठरलेली तारीख नसली की ‘कधी जमतंय ते बघू’ यात वर्ष निघून जातं.

माणसं चार ते सात. चाराहून कमी असतील तर एक जण आजारी पडला की बैठक मोडते. सातांहून जास्त झाली की दोन तासांत प्रत्येकाला बोलायला मिळत नाही आणि दोघे-तिघेच बोलत राहतात. नवीन माणूस आणताना आधी दोनदा नुसतं जेवायला बोलवा. मैत्रीला उतावीळ असणाराही नको आणि मागे मागे राहणाराही नको, असं व्हॅटिकनच्या वचनांत म्हटलं आहे.

दोन तासांची वाटणी अशी करा: अर्धा तास साधं जेवण, वीस मिनिटं वाचन, पन्नास मिनिटं एकाच्या किंवा दोघांच्या निवडीचा हिशेब, पंधरा मिनिटं प्रत्येकाने महिन्यातली एक चांगली आठवण सांगणं, शेवटची पाच मिनिटं पुढच्या खेपेला कोण काय करणार ते. वाचनाला पहिल्या महिन्यांत मेनोइकियसचं पत्र घ्या; ते काही पानांचंच आहे. नंतर ‘मुख्य सिद्धांत’ म्हणून ओळखली जाणारी एपिक्युरसची ४० छोटी वचनं, बैठकीला एक. तीन वर्षं चार महिने पुरतात. चर्चेत कुणाचं म्हणणं खोडलं गेलं तर हरलेल्याचाच फायदा जास्त, कारण तो काहीतरी शिकून गेला, हेही एक वचन आहे; ते पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचा.

स्वयंपाक, आवराआवर आणि भांडी यांची पाळी लावा आणि ती लिहून भिंतीवर चिकटवा. बागेत स्त्रियांना आणि गुलामांना चर्चेत जागा होती. आपल्याकडे चर्चा बाहेरच्या खोलीत रंगते आणि एक जण स्वयंपाकघरातून ऐकत राहतो, अशी बैठक एपिक्युरसच्या नावाने भरवण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे स्पष्ट बोलणं. फिलोडेमसचा यावर अख्खा ग्रंथ आहे आणि तो या कामाची तुलना वैद्याच्या कामाशी करतो: रोग्याची प्रकृती पाहून औषध, आणि वैद्याने स्वतः चिडायचं नाही. त्यावरून व्यवहारात असे नियम काढता येतात. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याने आधी विचारलेलं असावं. एका वेळी एकच गोष्ट. स्वभावाबद्दल बोलू नका, घडलेल्या कृतीबद्दल बोला. आणि आपल्याला राग आलेला असेल तर त्या दिवशी गप्प राहा. ‘तू चालढकल करतोस’ हे वाक्य घ्या. यावर समोरचा बचावच करणार. त्याऐवजी: ‘गेल्या तीन बैठकांत तू हीच अडचण सांगितलीस आणि आपण ठरवलेलं पाऊल अजून टाकलं नाहीस. नेमकं कुठे अडतंय?’ इथे सांगायला काहीतरी आहे. बैठकीतलं बाहेर गेलं तर, अगदी कौतुकाने सांगितलं असलं तरी, पुढच्या महिन्यापासून कुणी खरं बोलत नाही. हे एकदा झालं की सावरायला फार काळ लागतो.

पैशाबद्दल एपिक्युरसचं मत ठाम होतं. मित्रांनी मालमत्ता एकत्र करावी हा पायथागोरसच्या अनुयायांचा रिवाज त्याला मान्य नव्हता. तशी सक्ती म्हणजे एकमेकांवर विश्वास नसल्याची खूण, असं तो म्हणे. म्हणून सामाईक निधी काढू नका. जेवणाचं ज्याचं त्याने आणावं. अडचणीला मात्र धावून जायचं: अथेन्सला वेढा पडून उपासमार झाली तेव्हा एपिक्युरसने दाणे मोजून सोबत्यांत वाटले आणि सगळ्यांना जगवलं, असं प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने नोंदवलं आहे. उसने पैसे दिलेच तर रक्कम आणि परतीची तारीख दोघांनी लिहून घ्यावी. सतत मदत मागणारा मित्र नव्हे आणि मदतीचा मैत्रीशी संबंधच न जोडणाराही नव्हे. या दोन टोकांपैकी कुठल्या बाजूला आपण कलतो ते ज्याने त्याने वहीत पाहावं.

बैठक बिघडते ती बहुधा एकाच कारणाने: जास्त वाचलेला माणूस गुरू होऊन बसतो. त्यावर उपाय म्हणून वाचन मांडणारा दर महिन्याला बदला, आणि ज्याला विषय सर्वांत कमी माहीत आहे त्याला पहिला प्रश्न विचारू द्या. दुसरं, गंभीर नैराश्य किंवा घरातला हिंसाचार असं काही समोर आलं तर बैठकीने तो विषय हाताळू नये. डॉक्टरांकडे किंवा योग्य त्या ठिकाणी सोबत जावं; तेवढं मित्रांना नक्की करता येतं.

‘लपून जगा’ हे एपिक्युरसचं गाजलेलं सांगणं इथे आड येत नाही. सत्ता आणि प्रसिद्धीच्या मागे लागू नका, असा त्याचा रोख आहे. त्याच परंपरेतल्या डायोजेनीसने इ. स. दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या ओइनोआंडा गावात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता यावं म्हणून एका लांबलचक भिंतीवर ही सगळी शिकवण कोरून घेतली होती.

घरातले आणि इमारतीतले करार

न्याय म्हणजे एकमेकांना इजा न करण्याचा आणि होऊ न देण्याचा करार, असं मुख्य सिद्धांतांत सांगितलं आहे. पुढे असंही आहे की परिस्थिती बदलून एखादा नियम उपयोगाचा राहिला नाही, तर तो जोवर उपयोगी होता तोवर न्याय्य होता, आता नाही. एकत्र राहणाऱ्या कुठल्याही माणसांना हे जसंच्या तसं वापरता येतं.

नियमाच्या कागदावर चार ओळी असू द्या: नियम काय, त्याने कुणाची कोणती इजा टळते, कोण कोण कबूल झालं, फेरविचाराची तारीख. ‘रात्री दहानंतर आवाज नको’ याची दुसरी ओळ ‘पहाटे कामाला निघणाऱ्यांची झोप’ अशी लिहिली, तर पहाटे निघणारं कुणी राहिलं नाही की बोलणं सोपं होतं. दुसरी ओळ लिहिता येत नाही असा नियम बहुधा कुणाच्या तरी मानापमानासाठी केलेला असतो. तो करू नका. फेरविचार सहा महिन्यांनी ठेवा. जे गैरहजर होते त्यांच्यावर तिसऱ्या ओळीत सही आल्याशिवाय नियम लावू नका, नाहीतर तो चोरून मोडला जाणार हे धरूनच चाला.

लहान मुलांना, अंथरुणाला खिळलेल्यांना या करारात स्वतः बोलता येत नाही. त्यांच्या बाजूने कोण बोलणार ते नाव घेऊन ठरवा आणि त्यांच्यासाठी लागणारा खर्च कुठून येणार तेही त्याच कागदावर लिहा. मेट्रोडोरस आणि पॉलिएनस या मित्रांच्या मुलांबाबत एपिक्युरसने मृत्युपत्रात नेमकं हेच केलं: सांभाळ कुणी करायचा, देखरेख हर्मार्कस या सोबत्याची, आणि खर्च कोणत्या उत्पन्नातून.